बारा गाठींची हाक

प्रिय तहमीनाजान,

मी तुझी बीबी, तुझ्या बापाची आई. आधीच सांगून टाकलेलं बरं, हल्ली तुझा काही नेम नाही. मशहदला गेल्यापासून तू गॅसवर दूध ठेवून विसरलीस, मामाच्या घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंस, आणि आता जे विसरून बसली आहेस ते ऐकून तर मी तुतीच्या झाडाखाली बसल्या बसल्या इतकी मोठ्याने हसले की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. तेव्हा म्हटलं, बीबी कोण हेही विसरली असेल तर पत्र फुकट जायचं. हेरातमध्ये तुझं एक घर आहे. त्या घरात एक माग आहे. मागासमोर एक म्हातारी बसते, तिच्या एका डोळ्यावर साय धरली आहे आणि जिभेवर अजून धरलेली नाही. ती मी.

लिहिते आहे तुझी बहीण आरेफा. तिचं अक्षर सुंदर आहे असं शेजारणी सांगतात. मला सगळ्यांचंच अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं, त्यामुळे मी वाद घालत नाही. पण हिला एक वाईट खोड आहे. मी रंगात आले की ही पेन थांबवून विचारते, “बीबी, हे खरंच लिहू?” अगं लिही, मी काय भिंतीशी बोलतेय? आत्ताच बघ, ‘तुझा मामा चिक्कू आहे’ एवढं साधं वाक्य लिहायला तयार नाही. तहमीना, तुझा मामा चिक्कू आहे. लिहिलंस का गं? दाखव. बरं, मला दाखवून तरी काय उपयोग म्हणा. हे पत्र तुला आणून देईल ती शाहगुल, मिनीबसवाल्याची बायको. ती दर आठवड्याला नवऱ्याबरोबर सीमेपलीकडे जाते आणि इतकी बडबडते की तपासणी करणाऱ्या बायका तिला हात न लावता पुढे ढकलतात. रुमालाच्या अस्तरात शिवून आणेल. वाचून झालं की चुलीत घाल. आणि हो, एक बातमी राहिलीच. मी नवे बूट घेतले, रबरी तळव्याचे. कशाला, ते मग सांगते.

तुझ्या मामाने फोनवर जपून बोलायचं म्हणून तुझ्या बापाला, अयूबला, एवढंच सांगितलं, “पोरीचं पाकीट उघडत नाही.” तुझा बाप दिवसभर रिक्षा चालवत त्यावर विचार करत राहिला आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणतो, “आई, एवढ्याशा गोष्टीसाठी परदेशातून फोन? चेनला जरा मेण चोळ म्हणावं.” मग मी त्याला खाली बसवलं, चहा दिला आणि समजावलं. मिझान महिना लागायच्या आत सुईणपणाच्या कॉलेजची फी भरायची आहे. नाही भरली तर तुझी जागा गेली, जागा गेली की तिकडे राहायचा कागद गेला, आणि कागद गेला की तुला गाडीत घालून परत आणून सोडतील, या गावात, जिथे मुलींना सुईणपण शिकवणंसुद्धा बंद झालं आहे. पैसे आहेत, तू दोन वर्षं डोळे शिणवून मिळवलेत. पण ते फोनमधल्या नाण्यात आहेत, नाण्याला कुलूप आहे, आणि कुलपाचे बारा शब्द पोरीला जुळेनासे झालेत. अयूबने चहा संपवला, पेला उपडा ठेवला. मग म्हणाला, “म्हणजे मेण नको.” तुझ्या बापावर राग धरू नकोस. रिक्षा मात्र चांगली चालवतो.

त्या नाण्याची आणि माझी पहिली भेट आठवते तुला? शाळा बंद झाली तेव्हा तू महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसलीस. मग कुणा मैत्रिणीकडून शिकून फोनवर नक्षी काढायला लागलीस. आपल्याच गालिच्यांची नक्षी, काठांचे हाशिये, वेली, हत्तीच्या पावलाचे ठसे, आणि ती कुठल्या तरी थंड देशातली माणसं भिंतीला चिकटवायच्या कागदासाठी विकत घ्यायची. त्यांना आपल्याकडे गालिचा जमिनीवर टाकतात हे कुणी सांगितलं नसावं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला. बाहेरच्या बँका आपल्या देशाचं नाव ऐकलं की हात झटकतात, आणि इथल्या बँकेत एकट्या पोरीला रांगेत कोण उभं राहू देतंय? मग एका दुपारी तू आतून ओरडलीस, “बीबी, आले! आले!” मी धावत अंगणात गेले, दार उघडलं, गल्लीत कोणी नाही. तरी मी आपलं चहाचं आधण वाढवलं. तू फोन माझ्या नाकाशी धरलास आणि म्हणालीस, हे बघ, आले. मी विचारलं, हे नाणं कुठल्या पातशाहाचं? तू म्हणालीस, कुठल्याच नाही बीबी, याला क्रिप्टो म्हणतात, हे कुणाच्या ताब्यात नसतं. मी म्हटलं, मग ठीक आहे. जे पातशाहांचे होते ते पैसे मी उशीत भरून ठेवले होते, नवी माणसं आली आणि म्हणाली, या नोटा आता चालत नाहीत. त्या उशीवर तुझा बाप लहानपणी झोपायचा. कदाचित म्हणूनच तो असा झाला.

हाजी मोतलेबकडे आपण दोघी जायचो ते आठवून मला अजून मजा वाटते. तू बुरख्यात, मी बुरख्यात, आणि तो पैसे बदलणारा बिचारा कोणाशी बोलतोय तेच त्याला कळायचं नाही. “यातली नाणंवाली कोण?” विचारायचा. मी म्हणायचे, “मीच. म्हाताऱ्या बायका हल्ली हेच करतात.” तो तुझ्या फोनमधलं नाणं आपल्या फोनमध्ये घ्यायचा आणि अफगाणी नोटा मोजून द्यायचा, मोजताना एखादी नोट त्याच्या अंगठ्याला चिकटून राहायची, ती मी सोडवून घ्यायचे. मग त्या नाण्यावरच बंदी आली. त्याच्या दुकानाला कुलूप लागलं, त्याला नेलं, सोडलं तेव्हा दाढी पांढरी झाली होती. आता त्याच दुकानात तो साबण विकतो. मागच्या हिवाळ्यात मी जाऊन हळूच विचारलं, “हाजी, सगळ्याच प्रकारचा साबण मिळतो का?” तो माणूस रडवेला झाला. म्हणाला, “बीबी, तुझ्या पाया पडतो, फक्त कपड्यांचा मिळतो.” त्या दिवशी आपल्याला कळलं की तुझं नाणं इथे नुसतं दिसायच्या कामाचं. खर्चायचं तर देश ओलांडायला हवा. आणि तुला तर तसाही ओलांडायचाच होता. मोहल्ल्यात सुईण उरली आहे ती एकच, तिलाही आता माझ्यापेक्षा कमी दिसतं. तुझ्या आईच्या वेळी सुईण वेळेवर मिळाली नव्हती. त्यावर मी जास्त बोलत नाही. आरेफा लिहिते आहे.

आता त्या बारा शब्दांकडे येते. तू म्हणाली होतीस, बीबी, हे परके शब्द ओळीने म्हटले की कुठल्याही फोनवर पाकीट उघडतं, एक इकडचा तिकडे झाला की संपलं. मी म्हटलं, मग कागदावर लिहून ठेव. तू म्हणालीस, लिहिलेलं सापडतं. सीमेवर फोन उघडायला लावतात, पिशव्या उलट्या करतात, तेव्हा फोन पुसून कोरा करायचा आणि शब्द डोक्यातून न्यायचे. आणि तुझी एकटीची आठवण म्हणजे भोक पडलेली बादली, म्हणून माझीही सोबतीला घ्यायची. मग तुला मागाची युक्ती सुचली आणि मला इतका अभिमान वाटला की मी आरेफाला बाहेर कोंबड्या मोजायला पाठवलं. कुणी विचारलं तर तिला खोटं बोलावं लागू नये, एवढाच हेतू. दर वेळी ती परत येऊन सांगायची, बीबी, चारच आहेत. अगं माहीत आहे.

आपल्या मागावर एकीने हाक द्यायची, दुसरीने ओ द्यायची. मी म्हणायचं, दोन लाल घे, तू गाठ मारता मारता म्हणायचं, घेतले, निळा आला. ओ कानावर पडल्याशिवाय हाक देणारीने पुढे जायचं नाही, नाहीतर सगळी ओळ वाकडी. आणि बसण्याआधी ओ देणारीने हाक देणारीच्या तोंडात खडीसाखर ठेवायची, घसा सुकू नये म्हणून. माझ्या आईने मला असंच शिकवलं, मी तुला शिकवलं. तर आपण तुझे शब्द या हाकेत घातले. पहिला मी म्हणायचा, दुसरा तू. तिसरा मी, चौथा तू. एकेका शब्दाला एकेक गाठ. काय ते शब्द! एक तर असा की म्हणताना कवळी बाहेर यायची. पण आपण छोट्या गालिच्याचा अख्खा काठ त्या हाकेवर विणून काढला, आणि शेवटी शेवटी तर आपण विचार न करता म्हणत होतो, बोटं आपोआप चालत होती. किती खूश होतो आपण! टाळ्या दिल्या एकमेकींना. आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की बारा शब्द कुणीच पाठ केलेले नाहीत. सहा मी केले, सहा तू केलेस. कुलपाची एकच किल्ली, तिचे दोन तुकडे करून एक हेरातला आणि एक मशहदला ठेवणाऱ्या बायका आपणच. गालिचे विणणाऱ्यांखेरीज हा गाढवपणा दुसऱ्या कुणाला जमला नसता.

तुझा निरोप कळला तशी मी ऐटीत मागासमोर जाऊन बसले. म्हटलं, पोरीला येत नसेल, मला येतं. पहिली हाक दिली. पहिला शब्द टुणकन बाहेर आला. मग थांबले. ओ नाही. ओ नाही म्हणून दुसरी गाठ नाही, दुसरी गाठ नाही म्हणून माझा पुढचा शब्द नाही. मी परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच भिंत. शेवटी आरेफाला शेजारी बसवलं. तिला म्हटलं, मी काही म्हटलं की तू ओ दे. तिने विचारलं, काय म्हणू? मी म्हटलं, काहीही म्हण, फक्त तहमीनासारखं म्हण. मी हाक दिली, आणि हिने घसा खाकरून गंभीरपणे म्हटलं, “बटाटा.” तहमीना, माझी बोटं जागच्या जागी थांबली. पुन्हा दिली. “कांदा.” आम्ही दोघी हसून हसून मागाखाली लोळलो. अयूब धावत आला, त्याला वाटलं मला झटका आला. हे लिहिताना आरेफा म्हणते आहे की बटाटा चांगला शब्द होता. असेल. पण त्याने पाकीट उघडत नाही. तुझ्या तोंडात तुझे सहा आहेत हे मला पक्कं माहीत आहे. हाकेशिवाय ते कोंबड्यांसारखे अंगणभर पळतात, एवढंच.

मग आपण फोनवर करून पाहिलं. तू विसरली नसशील, पण विसरली असशील म्हणून सांगते. मी हाक दिली, ती वाऱ्यावरून तुझ्याकडे पोचेपर्यंत इकडे माझी गाठ निसटली. तुझी ओ आली ती माझ्या पुढच्या हाकेवर आपटली. “बीबी, थांब ना!” “मी थांबलेच आहे, तूच उशिरा येतेस!” असं भांडत भांडत कसेबसे दोन-तीन शब्द झाले आणि फोन मेला. दुसऱ्या दिवशी दारात गस्तीचे दोघेजण हजर. एक मोठ्या दाढीचा, एक कोवळ्या दाढीचा. मोठा म्हणाला, “म्हातारे, काल फोनवर कुठल्या भाषेत बोलत होतीस?” घाबरले होते मी, खोटं कशाला सांगू. पण तोंड माझं आहे, ते भीतीचं ऐकत नाही. मी म्हटलं, “बाळा, कवळी काढली की मी सगळ्याच भाषा बोलते.” आणि काढून दाखवली. कोवळा फिस्सकन हसला. मोठ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीवरची पाल मोजायला लागला. “पुन्हा ऐकू आलं तर फोन जप्त,” म्हणाला आणि गेला. तेव्हा फोन संपला. कागदावर मी ते शब्द उतरवून देणार नाही, आणि द्यायचे म्हटले तरी पहिल्याच्या पुढे मला येत नाहीत.

त्याच संध्याकाळी तू बापाला निरोप दिलास, जाऊ दे बाबा, मीच परत येते. खबरदार. तहमीना, तुला वाटतं आम्ही तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलोय? तुझा पलंग आरेफाने घेतला, तुझ्या पेटीत मी बी ठेवलं आहे. इथे तुला जागाच नाही. आरेफा म्हणते आहे की हे खोटं आहे आणि पेटी तशीच आहे. आरेफाला मध्ये बोलायला सांगितलं नव्हतं.

तर मग काय झालं ते ऐक, मला कधीचं सांगायचं आहे, नुसत्या उकळ्या फुटतायत. मी अयूबला म्हटलं, मला डोळ्याच्या डॉक्टरकडे ने. तो घाबरला. इतकी वर्षं तो मागे लागला होता आणि मीच म्हणत होते, वाचता येत नाही, मग डोळे कुणासाठी दुरुस्त करू? डॉक्टरने दिवा मारून पाहिलं, म्हणाला, मोतीबिंदू पिकलाय, बाहेर नेलंत तर चांगलं होईल. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तेवढंच कागदावर लिहा, बाकी काही नको. तो कागद घेऊन कचेरीत. फोटो काढणारा म्हणतो, चेहरा पूर्ण उघडा दिसला पाहिजे. मी म्हटलं, रस्त्यावर झाका, फोटोत उघडा, तुमचं एकदा काय ते ठरवा. अयूबने माझ्या पाठीत बोट खुपसलं. पुढच्या खिडकीत कारकुनाने वय विचारलं. मी म्हटलं, मेंढ्या उभ्या उभ्या गोठल्या त्या हिवाळ्यात मी रांगत होते. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मनाला येईल तो आकडा टाकला. सहीच्या जागी अंगठा दिला. इतका सुबक उठला की कारकून म्हणाला, “व्वा, बीबी.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षराचं कोणी कौतुक केलं.

तेव्हा आता नव्या बुटांचं सांगते. पासपोर्ट आला, सीमेपलीकडे जाऊ देणारा हिरव्या शिक्क्याचा कागद आला, आणि पत्र तुझ्या हातात पडेल त्याच्या पुढच्या गुरुवारी शाहगुलच्या नवऱ्याच्या मिनीबसमधून मी येते आहे. अयूब सोबत येतो, सोबत पुरुषमाणूस लागतो म्हणून. रस्ताभर त्याला मीच सांभाळीन. शेजारणींनी आत्ताच मशहदहून आणायच्या वस्तूंची नावं सांगायला सुरुवात केली आहे, मी सगळ्यांना हो म्हटलं, पाठ काहीच केलं नाही. माग येणार नाही, पण चौकटीवर ताणलेला वीतभर ताणा आणि गाठी ठोकून बसवायचा पंजा मी पिशवीत घातला आहे. म्हातारीचं विणकाम कोण तपासतंय? माझ्या पिशवीत पैसा नाही, कागद नाही, फोन नाही, तोंडात एक शब्द आहे आणि त्यामागे पाच शब्द तुझी वाट बघत बसले आहेत. फीच्या तारखेच्या आत पोचते, काळजी करू नकोस. तू निघालीस त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आपण लसणीच्या भावावर बोललो, आठवतं? परत भेटण्याचं नाव ना तू काढलंस ना मी. मी घरी येऊन ते तिथेच संपलं असं समजले होते. आणि आता बघ! तू शहाण्यासारखं बाराच्या बारा पाठ केले असतेस तर मला कुणी देशाबाहेर पाऊल टाकू दिलं असतं का? मीच म्हटलं असतं, कशाला उगाच खर्च. तेव्हा पोरी, तुझ्या विसरण्याला मी मनापासून दुवा देते, आणि बीबीला विसरली नाहीस तोवर बाकी विसरत राहा.

तुझीच, अंगठ्याची सही करणारी,
बीबी

ता. क. सीमेवर दिवसभर रांगेत उभं राहावं लागतं असं ऐकते, तेव्हा पलीकडे घ्यायला येणाऱ्या मामाच्या हाती खायला पाठव. मामीचा अळणी रस्सा नको, तो तिथेच राहू दे. तुझ्या हातची, गंदन्याची पात भरलेली बोलानी पाठव, पोळीच्या कडा करपलेल्या चालतील, तुझ्या त्या करपतातच. आणि खडीसाखर मात्र मामाकडे देऊ नकोस, तो वाटेत खाईल. मशहदची पांढरी, मोठ्या खड्यांची आण, केशराची नको, केशर मी आणते आहे. दारात माझे बूट निघाले की आधी एक खडा माझ्या तोंडात ठेव, मग विणकामाच्या चौकटीसमोर बस. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.